बारीक अंगातला लठ्ठपणा

रात्रीपासून उपाशी राहिलेली अठरा वर्षांची मुलं-मुली सकाळी पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात येत. आधी रक्त घेतलं जाई, मग ग्लुकोजचं गोडमिट्ट पाणी प्यायला दिलं जाई आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. ही मुलं पुण्याच्या परिसरातल्या सहा अवर्षणग्रस्त गावांतली, शेतकऱ्यांच्या घरांतली. अंगाने सडसडीत. तपासलेल्या ६१९ जणांपैकी ४८ टक्के तर वैद्यकीय व्याख्येप्रमाणे कमी वजनाचीच होती. अशा पोराला ‘शुगर’ असेल असं त्याच्या आईच्या स्वप्नातही येणार नाही. उलट ‘खाल्लेलं याच्या अंगाला लागत नाही’ हीच तिची तक्रार असते. निकाल आले तेव्हा मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांच्या शरीराला साखर पेलत नसल्याचं दिसलं. १७० जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. तिघांनी तो ओलांडलेला होता.

आहार, लठ्ठपणा आणि सरकारी धोरण यांविषयी आपल्याकडे जे बोललं जातं, त्यात ही मुलं कुठेच बसत नाहीत. लठ्ठपणा हा शहरातल्या, खात्यापित्या, बसून काम करणाऱ्या माणसाचा आजार आणि कुपोषण हा पाड्यावरच्या, हातावर पोट असलेल्या माणसाचा, अशी आपली समजूत. पहिल्याला ‘कमी खा’ म्हणायचं, दुसऱ्याला पोटभर द्यायचं. सरकारात दोघांची खातीसुद्धा वेगळी. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात राहून अनेक दशकं जे संशोधन केलं, त्याने ही वाटणी मुळातून उखडली आहे. तरीही धोरण अजून त्याच वाटणीवर उभं आहे. मधुमेह आणि लठ्ठपणा रोखायचा असेल तर पोट सुटलेल्या चाळिशीतल्या माणसाला उपदेश करून भागणार नाही. काम सुरू व्हायला हवं ते अजून लग्नही न झालेल्या मुलीच्या ताटापासून. याज्ञिकांच्या कामाचा हा अर्थ लावला तर पुष्कळ गोष्टींची फेरमांडणी करावी लागते.

ऑक्सफर्डमध्ये मधुमेहावर काम करून याज्ञिक १९८०च्या दशकात पुण्याला परतले. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत प्रौढपणीच्या मधुमेहाचा रुग्ण म्हणजे उतारवयाकडे झुकलेला, चांगला स्थूल माणूस. पुण्यातल्या तपासणीत समोर येणारा रुग्ण त्याहून दहा-पंधरा वर्षांनी तरुण असे आणि अंगाने बारीक. हात काडीसारखे, खांदे अरुंद, पोट मात्र पुढे आलेलं. वजन केलं तर ‘नॉर्मल’. वजनकाटा ज्याला निरोगी म्हणतो, त्याच्या रक्तात साखर का साठते, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

या प्रश्नाचं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र २००४च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. एका पानाचा मजकूर, त्यात शेजारी शेजारी उभे दोन शास्त्रज्ञ: याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. त्या काळच्या कुठल्याही तक्त्यात दोघंही आदर्श. पण एक्स-रेच्या साहाय्याने शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे, हा फरक अर्थातच होता आणि लेखकांनी तो लपवलाही नाही. मुद्दा असा की ज्या आकड्यावर जगभरची धोरणं चालतात, त्या आकड्याला हा फरक दिसतच नाही. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या कोड्याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ हे नाव पडलं.

त्या आकड्याचा जन्मही ध्यानात घेण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञाने ‘सरासरी माणूस’ शोधण्याच्या नादात तो मांडला. आजारपणाशी त्याचा संबंध नव्हता. १९७२मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं. स्वस्त, सोपा, काटा आणि मोजपट्टी असली की झालं, म्हणून तो जगभर रुजला. स्नायू किती आणि चरबी किती, चरबी मांडीवर आहे की आतड्यांभोवती, हे सांगण्याची त्याच्यात सोय नाही. आशियाई लोकांत कमी वजनालाच धोका सुरू होतो हे ओळखून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४मध्ये २५ऐवजी २३पासून सावध व्हावं असं सुचवलं आणि २००९मध्ये भारतीय डॉक्टरांनी एकमताने २५ हीच लठ्ठपणाची रेषा ठरवली. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा ठळक आकडा जुन्याच रेषेवर निघतो: २०१९-२१च्या फेरीत २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या. त्याच फेरीत पहिल्यांदाच कंबर आणि नितंब मोजले गेले, आणि त्या मापाने निम्म्याहून अधिक स्त्रिया धोक्याच्या कक्षेत आल्या. एकाच बाईच्या अंगाला दोन पट्ट्या लावल्या तर दोन वेगळी उत्तरं मिळतात. कुठलं उत्तर बातमीत जातं, त्यावर पैसा कुठे जाणार ते ठरतं.

पण बारीक अंगात चरबी येते कुठून? याज्ञिकांच्या कामाचा खरा गाभा हा आहे.

इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी १९८०च्या दशकात हर्टफर्डशायर परगण्यातल्या जुन्या नोंदवह्या हुडकून काढल्या. मार्गारेट बर्नसाइड नावाच्या मुख्य परिचारिकेने १९११पासून तिथल्या सुईणींकडून प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि एका वर्षाचं वजन लिहून घेतलं होतं. बार्करनी त्या बाळांची पुढची आयुष्यं शोधली. जन्मतः आणि वर्षाचं असताना जी बाळं हलकी होती, ती मोठेपणी हृदयविकाराने जास्त मेली होती. गर्भात उपासमार झालेला जीव काटकसरीने जगायला शिकतो, आणि पुढे सुकाळ आला की ती काटकसरच त्याला महागात पडते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. जन्माचं वजन कमी असणं ही ज्या देशाची घराघरातली गोष्ट, तिथे हे तपासायला हवं, हे उघडच होतं. केईएममध्येच जन्मलेल्या मुलांना चार वर्षांचं असताना बोलावून तपासलं, तर हलक्या जन्मलेल्या मुलांची साखर आणि इन्सुलिन जास्त. आठव्या वर्षी तपासलं, तेव्हा सर्वांत वाईट अवस्था त्यांची होती, जी जन्मतः लहान होती आणि आठव्या वर्षापर्यंत अंगाने भरली होती.

आपल्याकडच्या ‘सुदृढ बालक’ स्पर्धा आठवाव्यात. गुबगुबीत गाल, मनगटाला वळ्या, आणि परीक्षकांनी दिलेलं स्टीलचं भांडं. लहानखुरं जन्मलेलं बाळ भराभर बाळसं धरू लागलं की घरात आनंदी आनंद असतो, आणि तो स्वाभाविकही आहे. पहिल्या दोन वर्षांत उंची आणि वजन वाढायलाच हवं. पण त्यानंतर, चार-पाच वर्षांपासून पुढे, उंचीपेक्षा घेर वाढू लागला तर तो आनंदाचा विषय उरत नाही. दिल्लीत जन्मापासून नोंद ठेवलेल्या जवळपास दीड हजार माणसांचा अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचंही सांगणं हेच: लहानपणी किडकिडीत असलेली आणि नंतर भराभर वजन वाढवणारी मुलं तिशीच्या आसपास मधुमेहाकडे झुकली. बाराव्या वर्षी त्यांतलं एकही मूल लठ्ठ नव्हतं.

१९९३च्या सुमाराला याज्ञिक आणि साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांनी पुण्याजवळच्या त्याच सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. गरोदर बाई दवाखान्यात आली की नोंद, असा हा अभ्यास नव्हता. गावातल्या विवाहित स्त्रियांच्या घरी कार्यकर्त्या दर महिन्याला जात, पाळी आली का विचारत. पाळी चुकली की सोनोग्राफी. म्हणजे गर्भ राहण्याआधीपासून आईचं वजन, उंची, खाणं, काम, सगळं कागदावर. गावागावातल्या सुनांना दर महिन्याला पाळी विचारायची आणि त्यांनी ती सांगायची, हा विश्वास कमवायला काय लागलं असेल, हे खेड्यात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. या अभ्यासाचं अर्धं श्रेय त्या दारोदार फिरलेल्या बायांचं आहे.

मूल जन्मलं की पहिल्या तीन दिवसांत त्याची मापं घेतली जात. वजन, लांबी, डोकं, दंड, पोट. आणि मग कॅलिपर: चिमट्यासारखं एक उपकरण. बाळाच्या खांद्याच्या फऱ्याखालची कातडी दोन बोटांत हलकेच उचलायची, चिमट्याचे जबडे तिच्यावर टेकवायचे आणि तबकडीवरचा आकडा वाचायचा. कातडीखाली चरबी किती, ते त्यातून कळतं. अशी ६३१ बाळं पुण्याकडची आणि ३३८ साउदॅम्प्टनची. पुण्याच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्या बाळांचं ३.५. जवळपास पाऊण किलोचा फरक. दंड बारीक, पोटाचा घेर लहान, म्हणजे स्नायू कमी आणि यकृतासारखे अवयवही लहान. पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी झालेली नव्हती. इतकं सगळं कमी पडलेल्या या जिवाने चरबी तेवढी राखून ठेवली होती. नाळेच्या रक्तातही लंडनच्या बाळांच्या तुलनेत आपल्या बाळांत इन्सुलिन जास्त आढळलं. २००३मध्ये या बाळाला नाव मिळालं: ‘थिन-फॅट’ भारतीय बाळ. बारीक, आणि तरीही चरबीचं.

म्हणजे लॅन्सेटमधल्या फोटोतला फरक धावण्या-न धावण्यापुरता नव्हता. त्याची मुळं पाळण्यात होती.

या बाळांच्या आया कशा होत्या? सरासरी वय एकवीस-बावीस, उंची पाच फुटांच्या आसपास, अंगावर मांस नाही. दिवसाला सुमारे १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं खाऊन त्या गरोदरपण काढत होत्या. त्या खाण्यावर विहिरीचं पाणी ओढत होत्या, धुणं धूत होत्या, खुरपणीला जात होत्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी या खाण्याची आणि कामाची बाळाच्या मापांशी जुळणी केली. जिचे कष्ट जास्त, तिचं बाळ लहान. हे एक. दुसरा निष्कर्ष त्याहून अनपेक्षित. कॅलरी किंवा प्रथिनं किती खाल्ली याचा बाळाच्या आकारमानाशी फारसा संबंध निघाला नाही. संबंध निघाला तो पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. ज्या आईच्या खाण्यात मेथी, शेपू, तांदुळजा वरचेवर होता, जिच्या वाट्याला पेला-अर्धा पेला दूध येत होतं, तिचं बाळ मोठं.

गावातलं घर ज्याला माहीत आहे, त्याला या एका वाक्यात सगळी व्यवस्था दिसेल. दूध घरातच असतं, पण पहाटे किटलीतून डेअरीवर जातं, कारण हप्त्याचे पैसे त्यातूनच यायचे असतात. उरलेलं म्हाताऱ्यांच्या चहाला आणि पोराला. सून शेवटी जेवते. भाकरी तिला मिळते, आमटीही मिळते. भाजीचं भांडं मात्र तोवर खरवडलेलं असतं. पोट भरतं. कॅलरी मोजणाऱ्या सरकारी तक्त्यात ती फार मागे दिसणारही नाही.

२००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निष्कर्षाने धोरणाला सरळ प्रश्न विचारला. या आयांच्या साठवून ठेवलेल्या रक्तात जीवनसत्त्वं मोजली गेली. सुमारे दोन-तृतीयांश आयांत बी-१२ कमी. फॉलिक आम्ल मात्र जवळपास कुणातच कमी नव्हतं. मग सहा वर्षांच्या मुलांची तपासणी त्याशेजारी ठेवली. ज्या आयांत फॉलिक आम्ल भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त. ही दोन जीवनसत्त्वं पेशींत जोडीने काम करतात. एक भरपूर आणि दुसरं नाहीच, अशी विषम जोडी गर्भाच्या घडणीत बिघाड करत असावी.

बी-१२ वनस्पतींत नसतं. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून येतं. गाव वर्षातून एकदा जत्रेत मटण खात असेल आणि दूध डेअरीवर जात असेल, तर रक्तात ते असणार कसं? आणि हे गावापुरतं नाही. याज्ञिकांच्या गटाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं. सर्वांत वाईट स्थिती मध्यमवर्गाची होती: ८१ टक्के. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणारा, तूप-पोळी खाणारा माणूस या एका बाबतीत खेडूतापेक्षा कुपोषित होता. कुपोषण गरिबांचं आणि लठ्ठपणा श्रीमंतांचा, ही वाटणी इथे एकाच देहात मोडून पडते.

आता सरकारी गोळीकडे बघू. २०१८मध्ये सुरू झालेल्या ‘अॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर बाईला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी मिळते. बी-१२ त्यात नाही. फॉलिक आम्ल बंद करा असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूतले भीषण दोष त्याने टळतात. म्हणणं एवढंच की त्याची जोडीदार गोळीत घाला. बी-१२ची रोजची गरज दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम, ती स्वस्तात भागते. याज्ञिकांच्या गटाने २०१२पासून त्याच सहा गावांतल्या, त्याच अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं, ‘प्रिया’ या नावाने. त्या मुली पुढे आया झाल्या. संख्या लहान आहे हे मान्य, पण ज्यांना बी-१२ मिळालं त्यांच्या बाळांची दोन वर्षांच्या वयातली समज आणि भाषा अधिक चांगली दिसली. रेशनवरच्या पोषणयुक्त तांदळात सरकारने लोह आणि फॉलिक आम्लाबरोबर बी-१२ घातलं, ते चांगलं केलं. ज्या हाताने तांदळात घातलं, त्याच हाताने गोळीतही घालायला काय हरकत आहे?

इथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. सगळं आईच्या पोटात ठरतं म्हटलं की दोष आईवर येतो. आधीच बाईवर मुलाच्या आजारपणाचा, मुलीच्या जन्माचा ठपका असतो; आता नातवाच्या मधुमेहाचाही. शिवाय ‘जन्मतःच लिहिलेलं’ असेल तर चाळिशीतल्या माणसाने चालायला तरी का जावं?

दुसऱ्या शंकेचं उत्तर सोपं आहे. जन्म बीज ठरवतो, पीक नव्हे. ज्याचं शरीर चरबी साठवायला टपलेलं आहे, त्याला चालण्याची गरज जास्तच. पहिल्या शंकेचं उत्तर मात्र संशोधनातूनच काढावं लागतं. त्या सहा गावांतल्या आयांनी स्वतःहून काहीच वाईट केलेलं नव्हतं. त्या व्यसनी नव्हत्या, आळशी नव्हत्या, अति खाणाऱ्या तर मुळीच नव्हत्या. त्यांच्या देहावर दोन गोष्टींचा भार होता: कामाचा आणि ताटातल्या शेवटच्या नंबराचा. या दोन्ही गोष्टी घर ठरवतं, गाव ठरवतं, दुधाचा भाव ठरवतो, पाण्याची योजना ठरवते. नळ घरापर्यंत आला तर डोक्यावरचा हंडा उतरतो आणि राव यांची आकडेवारी सांगते की बाळाच्या वजनालाही ते मानवतं. पाणीपुरवठ्याची योजना ही मधुमेहाविरुद्धची योजना असू शकते, हे आपल्या धोरणाच्या कल्पनेतच नाही.

मग आईला चांगलं खायला दिलं तर फरक पडतो का? मुंबईत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिलं. २००६पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या साडेसहा हजार स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. गोळी नाही, पावडर नाही, समोशासारखा, वड्यासारखा खरा खाऊ. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, दूध आणि फळं. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांदा. केंद्रावर यायचं आणि तिथेच खायचं, म्हणजे घरी नेऊन तो पोराच्या किंवा नवऱ्याच्या तोंडात जाणार नाही. निकाल म्हणजे सरसकट चमत्कार नव्हता. सगळ्या बाळांचं मिळून वजन फारसं वाढलं नाही. पण गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी तो खाल्ला, त्यांच्या बाळांचं सरासरी वजन ४८ ग्रॅमने वाढलं. आणि गरोदरपणातला मधुमेह बटाट्याच्या गटात १२.४ टक्के, पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३ टक्के.

अठ्ठेचाळीस ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. पण पिढ्यान् पिढ्या लहानखुऱ्या राहिलेल्या देहात एका खाऊने एका गरोदरपणात किती बदल व्हावा? गरोदरपणातला मधुमेह मात्र आईला पुढे मधुमेही करतो आणि बाळालाही त्याच वाटेवर लोटतो. त्यातली घट पालेभाजीच्या वड्याने होत असेल, तर ती बातमी पहिल्या पानावर यायला हवी होती. दुसरी शिकवण वेळेची. गर्भ राहिल्याचं कळून बाई दवाखान्यात येते तेव्हा महत्त्वाचे आठवडे निघून गेलेले असतात. आपल्या सगळ्या योजना बाईला ‘गरोदर माता’ म्हणूनच ओळखतात. त्याआधीची पाच-सात वर्षं, जेव्हा ती अकरावी-बारावीला आहे, एसटीने तालुक्याला जाते आहे आणि डब्यात पोळी-लोणचं नेते आहे, तेव्हा तिच्या ताटात काय आहे हे विचारायला कुणी नाही.

आजार शोधायची सरकारी वेळही उशिराची. आशाताई घरोघरी जाऊन कंबर मोजतात, प्रश्न विचारतात, हे काम मोलाचं आहे. पण तपासणी सुरू होते तिशीनंतर. त्या सहा गावांत अठराव्या वर्षी १७० मुलं-मुली उंबरठ्यावर होती आणि त्यांच्या सहाव्या व बाराव्या वर्षीच्या रक्तातही पुढच्याची चाहूल होती.

अन्नसुरक्षा कायद्याने २०१३मध्ये गरोदर बाईसाठी ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असं माप ठरवलं. दहा वर्षांनी, २०२३मध्ये, कायद्याच्या परिशिष्टातल्या या मापांत सूक्ष्म पोषकांचाही समावेश झाला. ही योग्य दिशा आहे. पण कागदावरचं पोषक आणि ताटातलं पोषक यांच्यात किती अंतर असतं, ते महाराष्ट्राने अंड्याच्या बाबतीत पाहिलं. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय नोव्हेंबर २०२३मध्ये झाला. जानेवारी २०२५मध्ये सरकारने त्यासाठीचा वेगळा निधी काढून घेतला. द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगितलं. एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम बी-१२ असतं, उत्तम प्रथिनं असतात, ते शिजवायला सोपं, भेसळ करायला अवघड. ज्या राज्यात ‘थिन-फॅट’ बाळाचा शोध लागला, त्या राज्याने शाळेच्या पोरींच्या ताटातलं आठवड्याचं एक अंडं काढावं, याचं दुःख वाटतं. जे अंडं खात नाहीत त्यांना दूध द्यावं, भरपूर द्यावं. पण खाणाऱ्याचं काढून घेण्यात कुणाचं भलं झालं?

शहरातल्या खादाडीवर, बाजारातल्या पुड्यांवर काही बोलूच नये, असा याचा अर्थ नाही. उलट. चरबी साठवायला तयार होऊन जन्मलेल्या देहासमोर पाच रुपयांच्या बिस्किटाचा, वेफर्सचा, गोड पेयाचा पुडा ठेवणं हे इंग्रज मुलासमोर ठेवण्याहून अधिक घातक आहे. आज तो पुडा सहा गावांतल्या प्रत्येक किराणा दुकानात टांगलेला दिसेल. चिलीने २०१६पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला. मेक्सिकोने २०१४मध्ये गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला आणि दोन वर्षांत त्यांची खरेदी सरासरी साडेसात टक्क्यांनी घटली. आपल्याकडे पाकिटाच्या दर्शनी भागावर इशारा छापण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे; एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी मुदत घालून द्यावी लागली. त्याच वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी घरात तेल दहा टक्के कमी वापरा, असं आवाहन केलं. आणि सप्टेंबरमध्ये वस्तू-सेवा कर बदलला तेव्हा गोड फसफसणाऱ्या पेयांवर ४० टक्के कर बसला हे खरं, पण बिस्किटं, नमकीन, चॉकलेट आणि झटपट नूडल्सवरचा कर ५ टक्क्यांवर उतरला. कढईतलं तेल मोजून घाला म्हणायचं आणि तळलेला पुडा स्वस्त करायचा, ही दोन्ही कामं एकच सरकार करतं, कारण त्यासाठी दोन टेबलं आहेत आणि त्या टेबलांचं आपसात बोलणं नाही.

२०२३मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या घरात उंबरठ्यावरचे लोक असल्याचं दाखवलं. राज्यांत सर्वांत वर गोवा, २६.४ टक्के. एवढ्या माणसांना आयुष्यभर गोळ्या, इन्सुलिन, डोळ्यांची तपासणी, डायलिसिस पुरवण्याची ऐपत कुठल्याही राज्याची नाही. म्हणून तरी महिला-बालविकास, आरोग्य, शालेय शिक्षण आणि पाणीपुरवठा या खात्यांनी एका कागदावर यायला हवं. तिथे पहिली ओळ किशोरवयीन मुलीची असावी: तिची उंची, तिचं बी-१२, तिचा दुधाचा पेला, तिच्या डोक्यावरचा हंडा.

त्या सहा गावांत ज्यांच्या पाठीवर कॅलिपर टेकवून मापं घेतली होती, ती बाळं आता तिशीकडे आली आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांना मुलं झाली. नाळेच्या रक्ताचे नमुने पुन्हा गोळा झाले, नातवंडांचीही वजनं नोंदली गेली, आणि आजीपासून नातीपर्यंतची साखळी पुण्यातल्या एका कपाटात क्रमांक लावून ठेवली आहे. गावच्या उपकेंद्रात या नव्या आयांना मिळणारी सरकारी गोळी लोह आणि फॉलिक आम्लाचीच आहे.